‘कृषी विद्यापीठात सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय? विद्यार्थ्यांचे संशोधन कसे होते आणि ते कसे वाचायचे

‘कृषी विद्यापीठाच्या संशोधनात सिद्ध झाले आहे की...’ अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्या गावच्या ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. कधी तो सोयाबीनवरच्या फवारणीबद्दल असतो, कधी विहिरीच्या पाण्याबद्दल, तर कधी बाजारातल्या भाजीत सापडलेल्या औषधाच्या अंशाबद्दल. अशा अनेक दाव्यांचा माग काढला तर शेवटी एखाद्या एम.एस्सी. किंवा पीएच.डी. विद्यार्थ्याचा प्रबंध सापडतो. तो प्रबंध बहुतेक वेळा खोटा नसतो, पण त्यात जे लिहिलेले असते आणि मेसेजमध्ये जे येते, त्यात मोठे अंतर असते.

हे संशोधन कोण करते, कसे करते, त्यातले आकडे काय सांगतात आणि त्यावर किती विसंबावे, हे या लेखात पाहू. उदाहरणासाठी जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातले आष्टी हे गाव घेऊ. बीड जिल्ह्यातले तालुक्याचे आष्टी किंवा वर्धा जिल्ह्यातले आष्टी वेगळे.

आष्टीच्या आसपास कृषी संशोधन कुठे होते?

आष्टीचा परिसर काळ्या कसदार जमिनीचा आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली मुख्य खरीप पिके आणि शेती बरीचशी पावसावर अवलंबून. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. कृषी संशोधनाच्या बाबतीत परभणीशी असलेले हे नाते आजही कायम आहे.

मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी परभणीला स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे नाव मिळाले. राज्यात अशी चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी. प्रत्येकाचे कार्यक्षेत्र ठरलेले आहे, आणि मराठवाड्यातले सगळे जिल्हे परभणीकडे येतात.

परतूर स्टेशनवरून रेल्वेने एका दिशेला गेले की परभणी लागते आणि दुसऱ्या दिशेला जालन्याच्या पुढे बदनापूर. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र कडधान्यांसाठी ओळखले जाते. ‘बीडीएन-७११’, ‘बीडीएन-७१६’ आणि अलीकडचे ‘गोदावरी’ हे तुरीचे वाण तिथलेच. मर आणि वांझ रोगांना प्रतिकारक म्हणून शेतकऱ्यांना माहीत असलेला ‘बीएसएमआर-७३६’ही बदनापूरचा. सोयाबीनच्या ज्या वाणांच्या नावात ‘एमएयूएस’ ही अक्षरे येतात, ते परभणीचे. अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही परभणीतच आहे.

म्हणजे आष्टीच्या शेतकऱ्याच्या पिकांवरचे आणि त्याच्यासारख्या जमिनीवरचे संशोधन फार लांब होत नाही. ते गावापर्यंत मात्र अर्धवट पोहोचते.

कृषिदूत आणि संशोधक विद्यार्थी एकच का?

नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो.

गावात येऊन राहणारे, माती परीक्षण किंवा बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवणारे ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ हे बी.एस्सी. (कृषी)च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असतात. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. ते आधीच माहीत असलेले तंत्र दाखवतात, नवे संशोधन करत नाहीत.

संशोधन सुरू होते ते पदव्युत्तर शिक्षणात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमानुसार कृषी एम.एस्सी.साठी ७० श्रेयांक असतात आणि त्यांपैकी ३० एकट्या संशोधनाचे असतात. पीएच.डी.च्या १०० श्रेयांकांपैकी ७५ संशोधनाचे असतात. श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या कामाचे माप. थोडक्यात, एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत वर्गातला अभ्यास सांभाळून एक छोटा प्रश्न सोडवतो, तर पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतांश वेळ संशोधनालाच देतो.

एम.एस्सी.च्या दोन वर्षांचे गणित इथे महत्त्वाचे आहे. पहिले वर्ष विषय ठरवण्यात आणि आराखडा मंजूर करून घेण्यात जाते. प्रत्यक्ष पीक उभे करायला बहुधा एकच हंगाम मिळतो. त्या वर्षी पावसाने खंड दिला, तर तो खंडही त्या निष्कर्षाचा भाग होऊन बसतो.

प्रबंध कसा तयार होतो?

विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि एक सल्लागार समिती मिळते. प्रश्न नेमका ठरतो. उदाहरणार्थ, ‘सोयाबीनचे उत्पादन कसे वाढवावे’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. ‘रुंद सरी वरंबा पद्धतीत पेरलेल्या सोयाबीनवर पेरणीच्या तीन तारखांचा परिणाम’ हा होऊ शकतो.

मग शेतात छोटे प्लॉट आखले जातात. समजा चार प्रकारच्या वागणुकी तपासायच्या आहेत. त्यांना विद्यार्थी ‘ट्रीटमेंट’ म्हणतात. त्यांतली एक म्हणजे काहीच नवे न करता नेहमीची पद्धत ठेवलेला प्लॉट, म्हणजे ‘कंट्रोल’. प्रत्येक ट्रीटमेंट एकाच जागी न करता तीन-चार ठिकाणी पुन्हा केली जाते आणि कोणती कुठे करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले जाते.

एवढा खटाटोप का, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. एकाच वावरात बांधाकडची जमीन हलकी असते, सखल भागात पाणी साचते, झाडाच्या सावलीत पीक पिवळे पडते. नवी पद्धत नेमकी चांगल्या तुकड्यावर आली तर श्रेय पद्धतीला जाईल, जमिनीला नाही. पुनरावृत्ती आणि चिठ्ठ्या या दोन गोष्टी ही फसगत टाळण्यासाठी आहेत.

या शास्त्राशी मराठी माणसांचा जवळचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी शेतीतल्या प्रयोगांसाठीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. देशभरातल्या कृषी प्रबंधांच्या संदर्भयादीत ते पुस्तक आजही दिसते. या दोघांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धतही घडवली. वावरातला एक तुकडा चिठ्ठीने निवडायचा, ठरलेल्या मापात कापायचा, वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या भागाचे उत्पादन काढायचे. आज पीक विम्यात मंडळाचे सरासरी उत्पादन काढताना हीच कल्पना वापरली जाते. प्रयोगाचे संख्याशास्त्र ही फक्त विद्यापीठातली गोष्ट नाही, ती आष्टीच्या शेतकऱ्याच्या बँक खात्यापर्यंत येते.

प्रबंधातला तक्ता कसा वाचायचा?

खालचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही प्रबंधातले नाहीत. समजा सोयाबीनवर दोन फवारण्या तपासल्या आणि हेक्टरी उत्पादन असे आले:

नेहमीची पद्धत: १९.८ क्विंटल
फवारणी ‘क’: २१.४ क्विंटल
फवारणी ‘ख’: २२.६ क्विंटल
क्रांतिक फरक: २.१ क्विंटल

मेसेज लिहिणारा पहिल्या दोन ओळी पाहून लिहील, ‘फवारणी क मुळे उत्पादनात ८ टक्के वाढ’. गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. सगळी किल्ली शेवटच्या ओळीत आहे.

क्रांतिक फरक, विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘सीडी’, म्हणजे दोन आकड्यांमध्ये निदान एवढा तरी फरक असेल तरच तो खरा मानायचा अशी रेषा. त्याहून कमी फरक जमिनीच्या उतारचढावामुळे किंवा योगायोगाने पडलेला असू शकतो. ही रेषा साधारणपणे ५ टक्क्यांच्या पातळीवर ठरवतात. म्हणजे प्रत्यक्षात काहीच फरक नसेल तर केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून जास्त नसावी.

आता पुन्हा पाहा. ‘क’ आणि नेहमीची पद्धत यांत १.६ क्विंटलचा फरक आहे, तो २.१ पेक्षा कमी. प्रबंधात याला ‘ॲट पार’, म्हणजे समतुल्य, असे लिहिलेले असेल. ‘ख’ आणि नेहमीची पद्धत यांत २.८ चा फरक आहे, तो रेषेच्या वर. पण ‘ख’ आणि ‘क’ यांत फक्त १.२ चा फरक आहे, म्हणून ‘ख ही क पेक्षा सरस’ असेही या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

यापुढे खर्चाचा हिशेब येतो. हेक्टरी २.८ क्विंटल म्हणजे एकरी साधारण १.१ क्विंटल, कारण एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. औषध, मजुरी आणि पाणी यांचा एकरी खर्च तेवढ्या सोयाबीनच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर उत्पादन वाढूनही खिसा रिकामाच राहील. चांगल्या प्रबंधात नफा-खर्चाचे गुणोत्तर वेगळे दिलेले असते, ते जरूर पाहावे.

आणखी एक सापळा लक्षात ठेवा. ५ टक्क्यांच्या पातळीवर वीस गोष्टी तपासल्या, तर एखादी गोष्ट निव्वळ योगायोगानेही ‘सिद्ध’ झाल्यासारखी दिसू शकते. म्हणून प्रबंधाचा मुख्य प्रश्न कोणता होता आणि मेसेजमधला दावा त्याच प्रश्नाचा आहे का, हे पाहावे लागते.

काचेची डबी, कुंडी आणि वावर

‘अमुक अर्काने अळ्या मेल्या’ हे वाचले की पहिला प्रश्न विचारा: कुठे मेल्या? प्रयोगशाळेतल्या काचेच्या डबीत अळीला पळायला जागा नसते, ऊन नसते, पाऊस नसतो. तिथे चाललेला उपाय वावरात चालेलच असे नाही. कुंडीतला प्रयोग हा मधला टप्पा. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचा प्रयोग त्याच्या पुढचा, पण तिथेही वेळेवर मजूर आणि गरजेला पाणी मिळण्याची शक्यता जास्त असते. शेतकऱ्याच्या शेतावर घेतलेली चाचणी सगळ्यांत पुढची. चारही प्रकारचे संशोधन खरे असते, फक्त प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते.

अन्नसुरक्षेचे संशोधन: ‘सापडले’ आणि ‘जास्त सापडले’ यांतला फरक

अन्नाबद्दलच्या बातम्या सर्वांत वेगाने पसरतात, म्हणून इथे जास्त सावध राहावे.

भाजीत कीटकनाशकाचा अंश ‘सापडला’ एवढ्याने काहीच ठरत नाही. आजची यंत्रे अगदी सूक्ष्म अंशही पकडतात. प्रश्न असतो तो मर्यादेचा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण पीक आणि औषध यांनुसार कमाल अंश मर्यादा ठरवते. ज्या जोडीसाठी वेगळी मर्यादा नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा धरली जाते. म्हणून चांगला प्रबंध तीन गोष्टी वेगळ्या सांगतो: किती नमुने तपासले, किती नमुन्यांत अंश सापडला, आणि किती नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त होता. मेसेजमध्ये बहुधा मधलाच आकडा येतो.

दुसरे उदाहरण अफ्लाटॉक्सिनचे. मका, शेंगदाणे यांसारखा माल ओलसर राहिला की त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि हे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि साध्या शिजवण्याने पूर्ण जात नाही. तृणधान्ये आणि कडधान्यांसाठी भारतातली मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे शंभर कोटी भागांत १५ भाग. हे विष पोत्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. मूठभर दाणे प्रचंड दूषित आणि बाकीचे पोते स्वच्छ, असेही असते. म्हणून एका दुकानातल्या एका नमुन्यावरून गावाच्या बाजाराबद्दल काही बोलणे चूक ठरते, आणि नमुना कसा घेतला हे सांगितले नसेल तर प्रयोगशाळेचा अचूक आकडाही फारसा उपयोगाचा नसतो. शेतकऱ्यासाठी यातला धडा मात्र पक्का आहे: माल नीट वाळवा, ओल्या जमिनीवर थप्पी लावू नका, बुरशी लागलेले दाणे वेगळे काढा.

पाण्यावरचे संशोधन: एकक आणि ऋतू

पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी अनेकदा विहिरी आणि बोअरच्या पाण्याचे नमुने घेतात. हा विषय गावाच्या अगदी जिव्हाळ्याचा, पण तक्ता वाचताना दोन ठिकाणी चूक होते.

पहिली चूक एककाची. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. काही अहवाल मात्र ‘नायट्रेट’ न देता ‘नायट्रेट-नायट्रोजन’ देतात. त्या मोजमापात ही मर्यादा साधारण १० होते. त्यामुळे अहवालात ‘१५’ दिसले आणि मर्यादा ४५ आहे म्हणून निश्चिंत राहिलात, तर ती घोडचूक ठरू शकते. तान्ह्या बाळांसाठी जास्त नायट्रेट विशेष धोक्याचे असते, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण थोडे वाढते.

दुसरी चूक ऋतूची. मे महिन्यात तळ गाठलेली विहीर आणि ऑक्टोबरमधली भरलेली विहीर यांचे पाणी सारखे नसते. चांगला अभ्यास पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोन्ही वेळा नमुने घेतो. फ्लोराइडसाठी लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी योग्य मानतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

प्रबंधात तुमच्या गावाचे नाव असले, तरी तो आकडा तुमच्या विहिरीचा नसतो. आपल्या पाण्याबद्दल शंका असेल तर ग्रामपंचायतीमार्फत नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा.

प्रबंधापासून शिफारशीपर्यंत

‘प्रबंधाचा निष्कर्ष’ आणि ‘विद्यापीठाची शिफारस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांत महत्त्वाचा फरक हाच.

विद्यार्थ्याचा निष्कर्ष मार्गदर्शक, सल्लागार समिती आणि बाह्य परीक्षक यांच्या नजरेखालून जातो. काम पद्धतशीर झाले आहे का, हे ते पाहतात. शेतकऱ्यांनी हे वापरावे, असे त्यातून ठरत नाही.

शिफारस होण्यासाठी प्रयोग अनेक हंगामांत आणि अनेक ठिकाणी पुन्हा करावा लागतो. त्यानंतर तो चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत मांडला जातो. ‘जॉइंट ॲग्रेस्को’ या नावाने ती ओळखली जाते. तिथे चर्चा होऊन वाण, अवजारे आणि तंत्रशिफारशी मान्य होतात किंवा ‘आणखी चाचण्या घ्या’ म्हणून परत पाठवल्या जातात. मान्य झालेल्या गोष्टी विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीत आणि १८ मे रोजी परभणीला भरणाऱ्या खरीप मेळाव्यात शेतकऱ्यांसमोर येतात. जालना जिल्ह्यात खरपुडी आणि बदनापूर इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. शेतकऱ्याच्या वावरात चाचण्या आणि प्रात्यक्षिके घेणे हे त्यांचे काम.

मग एका हंगामाचे प्रबंध वाया जातात का? मुळीच नाही. कोणत्या प्रयोगावर पुढे खर्च करावा, हे अशा लहान प्रबंधांतूनच कळते. ‘फरक आढळला नाही’ असे सांगणारा प्रबंधही मोलाचा असतो, कारण तो शेतकऱ्याचा एका फवारणीचा खर्च वाचवू शकतो. दुर्दैवाने असा निष्कर्ष कोणी फॉरवर्ड करत नाही.

हे प्रबंध वाचायला कुठे मिळतात?

कृषी विद्यापीठांचे प्रबंध भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या ऑनलाइन भांडारात ठेवले जातात. इतर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात. पिकाचे नाव आणि जिल्ह्याचे नाव टाकून शोधता येते.

अडचण भाषेची आहे. बहुतेक प्रबंध इंग्रजीत असतात. ज्याच्या वावरावरचा प्रश्न, त्यालाच उत्तर वाचता येत नाही, ही खरी उणीव आहे. तोवर एक सोपा मार्ग असा: सगळा प्रबंध न वाचता फक्त सारांश, प्रयोग कुठे व किती हंगाम झाला ते पान, आणि निष्कर्षाचा तक्ता पाहा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एवढी तीन पाने समजावून सांगता येतील.

संशोधक विद्यार्थी तुमच्या दारी आला तर

विस्तार शिक्षण आणि कृषी अर्थशास्त्राचे विद्यार्थी गावात येऊन प्रश्नावली भरून घेतात. माहिती कशासाठी हवी, नाव गुप्त राहील का, हे विचारणे हा तुमचा हक्क आहे. उत्तर देणे सक्तीचे नाही. पण उत्तर द्यायचेच ठरवले तर खरे द्या. ‘किती फवारण्या करता?’ याला सरकारी शिफारशीतला आकडा सांगितला, तर अहवालात गाव आदर्श दिसेल आणि खरी अडचण कुणाला कळणार नाही. निरोप घेताना एवढे जरूर म्हणा, ‘काम झाले की काय निघाले ते मराठीत एका पानावर पाठवा.’

फॉरवर्ड करण्याआधी सहा प्रश्न

१. हा प्रबंध आहे की विद्यापीठाची अधिकृत शिफारस?
२. प्रयोग डबीत, कुंडीत, प्रक्षेत्रावर की शेतकऱ्याच्या शेतावर?
३. किती हंगाम आणि किती ठिकाणी?
४. तुलना कशाशी केली, आणि फरक क्रांतिक फरकापेक्षा जास्त आहे का?
५. एकक कोणते? हेक्टर की एकर, नायट्रेट की नायट्रेट-नायट्रोजन?
६. जादा उत्पादनाची किंमत जादा खर्चापेक्षा जास्त आहे का?

यांतल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मेसेजमध्ये नसतील, तर तो पुढे पाठवण्याची घाई नको. आणि औषध विकत घेण्याचा निर्णय असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्राला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला एक फोन करा. एका हंगामाचा प्रयोग विद्यार्थ्याला पदवी देतो, पण त्याच्या भरवशावर घेतलेल्या चुकीच्या निर्णयाने शेतकऱ्याचे अख्खे वर्ष हातचे जाऊ शकते.